सोन्नरदादांचा हळू हात

नोकरीत मला बऱ्याच जणांनी फसवलं. त्यातल्या बहुतेकांची नावंही आता आठवत नाहीत. सोन्नरदादांनी मात्र वर्षानुवर्षं फसवलं, तेही माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून, माझ्या हातात चालू घड्याळ असताना. त्यामुळे त्यांना विसरणं काही जमलेलं नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात मी कामाचा वेळ मोजायच्या खात्यात होतो. खातं म्हणजे मी, वरच्या मजल्यावर काचेमागचं एक टेबल, कागद लावायची लाकडी पाटी आणि गळ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच. कामगार एक नग किती सेकंदांत करतो ते मोजायचं, त्यावरून एका पाळीत किती नग निघायला हवेत ते ठरवायचं. तो आकडा फळ्यावर लागला की त्या ओळीतल्या प्रत्येकाला बंधनकारक. कामगार मला घड्याळसाहेब म्हणायचे. तोंडावर घड्याळसाहेब, माझी पाठ वळली की नुसतं घड्याळ.

या मोजणीत एक गंमत असते, ती आधीच सांगून ठेवतो. घड्याळात आलेला वेळ जसाच्या तसा धरत नाहीत. साहेब बघतोय म्हटल्यावर कुणी मुद्दाम रेंगाळतो, कुणी उगाच धावपळ करतो. म्हणून कागदावर शेवटी एक रकाना असतो. समोरचा माणूस आपल्या पुऱ्या वेगानं काम करतोय का, हे मोजणाऱ्यानं नुसत्या नजरेनं ठरवून तिथं लिहायचं. पुरा वेग म्हणजे शंभर. रेंगाळतोय असं वाटलं तर ऐंशी, सत्तर. तिथं सत्तर पडले की फळ्यावरचा आकडा चढतो. बाकी सगळा कागद घड्याळ भरायचं, हा एक रकाना तेवढा माझा होता. मला माझ्या नजरेचा फार अभिमान होता.

नामदेव सोन्नर ड्रिलिंगच्या ओळीत तिसऱ्या मशीनवर होते. वैजापूर तालुक्यातले. घरची मेंढरं, वडिलांचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं. यंत्रासमोर उभे राहिलेले त्या घरातले हे पहिलेच. उंच, काटकुळे, बोलणं कमी. निळ्या गणवेशाचं गळ्याशी असलेलं बटण ते भर मे महिन्यातही लावायचे आणि ते लावल्याशिवाय मशीन सुरू करायचे नाहीत. पहिल्यांदा त्यांची मोजणी घ्यायला गेलो तेव्हा ते बटण लावून होईपर्यंत मी पाटी धरून उभा होतो.

काम तसं साधं होतं. लोखंडाची वीतभर पट्टी साच्यात बसवायची, आवळायची, दोन भोकं पाडायची, काढून पेटीत टाकायची. मागे भिंतीवर कंपनीनं सूचनांचा फलक लावला होता. आमच्याकडे तो फलक वाचणारे आणि पाळणारे दादा एकटेच असावेत. चष्मा स्वच्छ ठेवा असं लिहिलं होतं, म्हणून ते चष्मा काढून पुसायचे आणि पुन्हा लावायचे. साचा झाडा असं लिहिलं होतं, म्हणून प्रत्येक नगानंतर ब्रश फिरवायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून. दहा नगांमागे एक तपासावा असा नियम होता, दादा प्रत्येक नग उजेडाकडे धरून बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे. यातल्या कशाला नाव ठेवणार? सावकाश काम करणाऱ्यावर ओरडता येतं, काळजीनं काम करणाऱ्यावर ओरडायची सोय नसते. मी कागदावर लिहायचो, स्वभावतः संथ, अत्यंत प्रामाणिक, वेग शंभर.

बोलण्यातही तसेच. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, 'व्हतंय.' सुपरवायझर ओरडायचा, पेटी भरली का? 'व्हतंय.' रजेचा अर्ज दिला का? 'व्हतंय.' घरी मुलीच्या लग्नाचं बघताय का? 'व्हतंय.' त्यात झालेलं नाही हे कळायचं, होणार नाही असं कुणाला म्हणता यायचं नाही, आणि विचारणाऱ्याला पुढे काय विचारावं ते सुचायचं नाही. सुपरवायझर हात झटकून पुढच्या मशीनकडे जायचा.

त्यांच्या संथपणाची सगळ्यात जास्त थट्टा करायचे ते शेजारच्या चौथ्या मशीनवरचे गफूरभाई. गफूरभाई आमच्या शहरातले, किराडपुऱ्यातले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं फार पूर्वी दुसऱ्याच एका वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेली होती. पट्टी ते अंगठा आणि तळव्याच्या मध्ये धरायचे, डाव्या हातानं आवळायचे, घामाघूम व्हायचे, पण पाळी संपताना त्यांची पेटी भरलेली असायची. "नामदेव, तेरा ब्रश पहले घिसेगा, ड्रिल बाद में," असं ते मोठ्यानं म्हणायचे आणि ओळ हसायची. दादाही हसायचे आणि पुन्हा ब्रश फिरवायचे. दोघांचा डबा एकत्र असायचा. गफूरभाईंना दादांच्या घरची बाजरीची भाकरी लागायची आणि दादांना गफूरभाईंच्या घरचं लोणचं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एका वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शुक्रवार आला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी नग लवकर पुरे झाले तर उरलेला वेळ मशीन घासायला, रंगवायला मिळतो, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचे हात भराभर चालतात. मी वर काचेमागे चहा घेत उभा होतो. गफूरभाई दुपारच्या नमाजाला गेले होते. सहज खाली लक्ष गेलं तर तिसऱ्या मशीनवर कुणीतरी भलताच माणूस काम करत होता. पट्टी साच्यात गेली कधी, आवळली कधी, निघाली कधी, डोळ्यांना कळत नव्हतं. ब्रश नाही, उजेडाकडे धरणं नाही. हात जाऊन येत होते आणि अंगातलं दुसरं काही हलत नव्हतं. इतकं सुंदर काम मी त्या शॉपमध्ये तोवर पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. माणूस वळला तेव्हा गळ्याशी लावलेलं बटण दिसलं.

माझा हात गळ्यातल्या घड्याळाकडे गेला आणि तिथंच राहिला. तेवढ्यात दादांनी मान वर केली. आमची नजरानजर झाली. त्यांनी काही लपवलं नाही, घाबरलेही नाहीत. दारातून गफूरभाई रुमालाची घडी करत येताना दिसले तसं दादांनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि ब्रश उचलला.

मी चिडलो होतो. खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या नावापुढे अत्यंत प्रामाणिक असं लिहीत होतो. पाळी सुटल्यावर मी त्यांना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं.

"दादा, तुम्ही मला चांगलंच बनवलं."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, अर्धी बशी संपवली.

"तुमचा काय दोष नाय, साहेब. थांबलेला मानूस दिसतो. हळू मानूस दिसत नाय."

"पण कशासाठी? हातात एवढं कसब आहे तुमच्या. कुठल्या कुठे गेला असतात."

"माझा बाप मेंढरं घेऊन निघायचा ना, तव्हा पुढच्या मेंढराकडं पाहतच नव्हता. पुढचं जातंच. मागं एखादी गाभन असती, एखादी लंगडी असती. बापाची नजर तिच्यावर. ती चालंल तेवढंच सगळ्यायनं चालायचं. पुढचे पळू लागले तर काठी पुढच्याला. मागचीला कधी मारलेलं मी पाह्यलं नाय."

त्यांनी उरलेली बशी संपवली.

"गफूरभाईवर एकदा घड्याळ धरा. त्याला कळू देऊ नका. मंग या माझ्याकडं."

पुढच्या आठवड्यात मी वरून, काचेमागून, गफूरभाईंची मोजणी घेतली. त्यांना कळलं नाही. तो माणूस जीव तोडून काम करत होता. त्यांच्या नावापुढे शंभराच्या वर लिहायची सोय असती तर मी लिहिलं असतं. मग दादांचे जुने कागद काढून शेजारी ठेवले. दोघांचा वेळ सारखा होता. थोडाफार नव्हे, अगदी सारखा. म्हणजे दादांनी आपला हात उगाच हळू केला नव्हता, गफूरभाईंच्या हाताला लावून कापल्यासारखा नेमका तेवढाच हळू केला होता. आणि मोजणीला नेहमी दादांनाच उभं करायचे, कारण सुपरवायझरच्या मते ते ओळीतले सगळ्यात सरळमार्गी. मी ते कागद पुन्हा फाइलीत लावून ठेवले.

त्यांची ही विद्या फक्त कारखान्यापुरती नव्हती. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी मला गावी जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी ग्रामसभा होती आणि गावचं गायरान कुठल्याशा प्रकल्पाला द्यायचा ठराव यायचा होता. त्या गायरानावर सात-आठ घरांची मेंढरं चरायची. ही घरं गावात थोडी, त्यांचा आवाज थोडा, हात वर करायची वेळ आली असती तर निकाल ठरलेला होता. सरपंचांनी नारळ फोडला, ठराव वाचायला घेतला, तेव्हा दादा मागून उठले.

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा आधी. नियम हाय."

ग्रामसेवकानं वाचलं. दादांनी विचारलं, हजर माणसांत माझ्या चुलत्याचं नाव कसं नाही? शोधाशोध झाली. नाव सापडलं. मग विचारलं, नाव सापडलं पण सही कुठं? चुलत्यांना बोलावणं गेलं. चुलते वयानं ऐंशीकडचे, तेही घरून सावकाश निघाले. ते आल्यावर त्यांना ऐकू येत नाही असं निघालं. तोवर ढग भरून आले, शाळेची मुलं खाऊ घेऊन पांगली, ज्यांची जनावरं बांधायची होती ते उठले. सरपंच कपाळाला हात लावून म्हणाले, "नामदेव, सरळ सांग ना बाबा, तुला ठराव होऊ द्यायचा नाय." दादा म्हणाले, "आसं कुठं म्हनलो मी? व्हतंय." सभा तहकूब झाली.

दर पंधरा ऑगस्टला एक, अशा चार सभा त्यांनी काढल्या. पाचवीला ठराव झाला. गायरानाला कुंपण पडलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, एवढं करून शेवटी गेलंच की. ते म्हणाले, "जानारच व्हतं. चार उन्हाळे निघाले की, साहेब." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं आणि जिंकल्याचा तोराही नव्हता. पाळी संपवून बसमध्ये बसलेल्या माणसाचा असतो तसा थकवा तेवढा होता.

मग कारखान्यात नवे प्लँट हेड आले. माणूस वाईट नव्हता. ज्यांना आम्ही माल द्यायचो ते त्यांच्या मानगुटीवर बसलेले असायचे, त्यामुळे त्यांचाही जीव टांगलेला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ड्रिलिंगच्या फळ्यापुढे उभं राहून विचारलं, "हा आकडा किती वर्षं असाच आहे?" मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. नवी मोजणी करायचं ठरलं, आणि त्याबरोबर नियमही आला. तीन महिने लागोपाठ आकडा न गाठणाऱ्याचं नाव यादीत जाणार, यादीतला माणूस घरी जाणार.

गफूरभाईंची निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तसला हात घेऊन दुसरीकडे त्यांना कुणी गेटाच्या आतही घेतलं नसतं. हे मला ठाऊक होतं, दादांना ठाऊक होतं. गफूरभाईंना मात्र कसलीच चिंता नव्हती. ते म्हणाले, "बढ़ने दो आकडा. मैं सब के बराबर है."

मोजणीच्या दिवशी नवे साहेब माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. समोर दादा. बटण लावलं, चष्मा पुसला, पट्टी साच्यात गेली. मी सेकंद लिहीत गेलो. पंधरा नग झाले. शेवटचा रकाना आला. माझी पेन्सिल कागदावर टेकली आणि अडली. आता मी फसलेला नव्हतो. समोरचा हात काय करू शकतो ते मी पाहिलं होतं. तिथं सत्तर लिहिणं हे माझं काम होतं, त्याचाच मला पगार मिळत होता. दादा चष्म्यावरून माझ्या दिशेनं बघत होते. मला वाटलं, घड्याळाकडे बघतायत.

मी शंभर लिहिलं.

साहेबांचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, ओळीतल्या प्रत्येकाची मोजणी घ्या आणि सविस्तर अहवाल द्या, तोवर जुनाच आकडा. झालं, त्या दिवसापासून मी दादांचा शिष्य झालो. टाळाटाळ हे आळशी माणसाचं काम नाही, हे मला तेव्हा कळलं. तिच्यासाठी फार राबावं लागतं. आधी मी कळवलं की ड्रिल बदलल्या आहेत, जुन्या-नव्या ड्रिलचा फरक धरायला हवा. मग साच्याची झीज मोजायला घेतली. मग पावसाळ्यात वीज कमीजास्त होते, त्या दिवसांतली मोजणी धरू नये असं लिहिलं. मग उन्हाळ्यात माणसाचा वेग कमी होतो, म्हणून हिवाळ्यातली मोजणी हवी. मग दोन कामगार नवे आले, त्यांचा हात बसू द्या. दर महिन्याला एक पत्र, त्याखाली तक्ता, शेवटी 'अभ्यास चालू आहे'. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. दादांचा ब्रशही खराच होता.

यात मला थोर वगैरे काही वाटत नव्हतं. थकायला व्हायचं. सकाळी उठल्यावर आज कुठलं कारण, हा पहिला विचार. साहेबांनी बोलावलं की आधी तक्ता काखेत मारायचा. एकदा ते म्हणाले, "तुम्ही हुशार आहात, पण तुमच्याकडून काम का होत नाही तेच कळत नाही." मी वर जाऊन पुढचं पत्र लिहायला घेतलं. घरी बायको म्हणायची, हल्ली तुम्ही जेवायलाही तास लावता. दादा रोज हे कसं करतात, आणि वर हसतात कसे, याचं मला नवल वाटायला लागलं.

याची किंमत कुणीच मोजली नाही असंही नाही. पहिल्या मशीनवर कैलास होता, गंगापूरकडचा, आयटीआय केलेला, पंचविशीतला. हात चपळ, मनात पुढे जायची घाई. ओळीचं धोरण त्याला सांगावं लागलं नव्हतं, त्यानं ते बघून ओळखलं होतं आणि नाइलाजानं पाळलंही होतं. एके दिवशी कँटीनमध्ये तो ताट घेऊन दादांसमोर उभा राहिला.

"दादा, तुमच्यामुळं माझा हात गंजला. मला बी कळतंय गफूरचाचाचं. पन माझं काय? मी किती वर्षं लंगडं चालायचं?"

गफूरभाई त्या दिवशी रजेवर होते, एवढं बरं होतं. दादा घास हातात धरून बसून राहिले. या वेळी 'व्हतंय' ते म्हणाले नाहीत. महिनाभरात कैलास दुसरीकडे लागला. त्याच्या शेवटच्या दिवशी दादा त्याला बसपर्यंत सोडायला गेले होते. परत आल्यावर मला म्हणाले, "त्याचं बराबर हाय, साहेब. काठी पुढच्यालाच बसती." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दोन वर्षं निघाली. कशी निघाली ते मलाच माहीत. गफूरभाई निवृत्त झाले. कँटीनमध्ये शाल, नारळ, समोसे, नव्या साहेबांचं छोटंसं भाषण. गफूरभाई बोलायला उठले. त्यांनी उजवा हात वर केला.

"ये हात को देखके लोगां बोलते थे, ये क्या काम करता. पन एक दिन, एक दिन भी मैं आकडे के पीछे नहीं रहा. सब के बराबर. पूछो घड्याळसाहेब को."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

"और ये मेरा नामदेव," ते हसत म्हणाले, "दो हात, दस उंगलियां, और काम देखो तो मेरे जितनाच. बहोत सुस्त आदमी है. इसको जरा सिखाओ."

कँटीन हसली. दादाही हसले, नेहमीसारखे. समोसा तसाच टाकून मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेलो. गफूरभाईंची नोकरी वाचली ती मोठीच गोष्ट होती, पण ते बरोबरीत आहेत या त्यांच्या समजाला दादांनी इतकी वर्षं ओरखडा येऊ दिला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. नोकरी वाचवणं त्यामानानं सोपं होतं.

पुढच्या महिन्यात मी अहवाल दिला. आकडा चढला. पहिल्याच दिवशी दादांनी तो जेवणाच्या सुट्टीआधी पुरा केला आणि उरलेला वेळ स्टुलावर बसून काढला. साहेब मला म्हणाले, "या माणसात एवढं होतं, आणि तुम्हाला दिसलं नाही?" मी म्हटलं, नाही दिसलं. वर्षभरानं दादांनी नोकरी सोडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती ओळच मोडली, तिथं आपोआप चालणारं यंत्र आलं. त्याला घड्याळ लावावं लागत नाही. मीही निवृत्त झालो.

गेल्या हिवाळ्यात वैजापूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथून शेअर जीपनं दादांच्या गावी गेलो. ड्रायव्हरला सांगून ठेवलं, परतीच्या फेरीला रस्त्यावरून हॉर्न दे. दादा ओसरीत बसले होते. आणखी काटकुळे झालेले, चेहरा जरा ताठलेला. मला बघून उठायला लागले, ते उठणं बराच वेळ चाललं. वहिनी हळूच म्हणाल्या, "नसांचं हाय म्हनतात डॉक्टर. हात-पाय ऐकत न्हाईत. गोळ्या चालू हायेत."

आम्ही बसलो. गफूरभाईंचा विषय निघाला. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो म्हणे, आणि अजूनही पहिलं वाक्य तेच, क्या रे सुस्त. "मी म्हनतो, व्हय बाबा. आता तर लईच," असं सांगून दादा हसले. हसणंही चेहऱ्यावर उशिरा पोहोचलं.

चहा झाला. लांबून जीपचा हॉर्न आला तसे दादा म्हणाले, रस्त्यापर्यंत येतो. बाहेर गार वारा होता. त्यांनी गळ्याशी हात नेला आणि सदऱ्याचं बटण लावायला घेतलं. बोटं काजाला लागत होती आणि निसटत होती. वहिनी पुढे झाल्या, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी उभा होतो. जुनी खोड जात नाही, मनातल्या मनात माझे आकडे सुरू झाले होते. वीस, तीस, चाळीस. ओठ हलले असावेत.

"मोजता का, साहेब?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही हो, दादा."

"मोजा, मोजा. आन् शंभर लिवा. या टायमाला खोटं पडनार नाय."

त्या रकान्याबद्दल मी जन्मात कुणाशी बोललो नव्हतो.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"इतकी वर्षं तुमचा कागद माझ्याकडनं उलटाच दिसायचा. उलटं वाचायला शिकलो मी." बोटं अजून काजाशी झटत होती. "त्या दिशी तुमची पेन्सिल लई येळ अडली व्हती. मला वाटलं, गेला आमचा गफूर."

बटण लागलं. त्यांनी ते एकदा चाचपून पाहिलं आणि आम्ही निघालो. घरापासून रस्ता फार तर पन्नास पावलांवर. सवयीनं मी भराभर चार पावलं टाकली, मागे पाहिलं तर दादा अजून पायरीशीच होते. मी परत आलो आणि त्यांच्या मागे झालो. समोर त्यांची पाठ होती, एकेक पाऊल ठरवून पडत होतं. जीपमधली माणसं बाहेर डोकावून बघायला लागली होती. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दाबला, लांबलचक, आणि ओरडला, "चला ना बाबा, किती टाइम?"

दादा थांबले नाहीत आणि त्यांनी घाईही केली नाही.

"व्हतंय," ते म्हणाले.